परीक्षेनंतरचा कप्पा

जास्मिन मुलाणी शिलाईच्या दुकानाच्या पायरीवर येऊन उभी राहिली तेव्हा सकाळचे पावणेदहा झाले होते. केतकी थोरातच्या वेळापत्रकात त्या वेळी अल्कोहोल आणि फिनॉलची उजळणी होती. मैत्रिणीसाठी किंवा संकटासाठी त्यात जागा ठेवलेली नव्हती.

एरवी जास्मिन चपला भिरकावून थेट मागच्या खोलीत यायची. आज ती आत आली नाही. तिनं पायरीवरूनच सांगितलं, की जर्नल सर्टिफाय करायचा आज शेवटचा दिवस, संध्याकाळी पाचपर्यंत. आणि तिचं रसायनशास्त्राचं जर्नल दिवाळीपासून केतकीकडे आहे.

केतकीला आठवलं. म्हणजे, जास्मिननं सांगितलं तेव्हा आठवलं. सगळे प्रयोग संपल्यावर दिवाळीच्या सुट्टीत आपण ते उतरवून घ्यायला आणलं होतं, उतरवून झालंही होतं. पुढे त्याचं काय केलं? तिनं टेबलाचा खण उपसला, दप्तर उलटं केलं, आईच्या कापडाच्या गठ्ठ्यांमागं हात घालून पाहिलं. जर्नल नव्हतं. ते कुठं ठेवलं याची मनात पुसट खूणसुद्धा नव्हती.

"मी सहा वेळा मागितलं," जास्मिन म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, आणि तेच जास्त वाईट होतं.

केतकीनं हातातल्या पडद्यावर नोंदी काढल्या. "पाच वेळा. इथं पाचच आहेत."

जास्मिननं तिच्याकडे बघितलं, मग तिच्या कानामागच्या पट्टीकडे. मी कॉलेजात प्रयोगशाळेबाहेर बसते, मिळालं तर आण, एवढं सांगून ती वळली. जाता जाता तिनं सवयीनं विचारलं, की तुझं जर्नल सर्टिफाय झालं का. केतकी म्हणाली, "माझं पट्टी बघते."

या जर्नलविषयी थोडं सांगायला हवं. निबंधापासून प्रकल्पापर्यंत सगळं यंत्रं लिहून द्यायला लागल्यावर शिक्षण मंडळानं एक गोष्ट हट्टानं माणसाच्या हातात ठेवली, ती म्हणजे बारावीच्या प्रयोगांचं जर्नल. प्रत्येक विद्यार्थ्याला क्रमांक घातलेली एकच वही. चोवीस प्रयोग, हातानं लिहिलेले, प्रत्येकाखाली त्या त्या दिवशीची बाईंची सही. कागदाला असा लेप दिलेला, की फोटो काढला तर कोरं पान दिसतं. म्हणून एकमेकांची जर्नलं घरी नेऊन उतरवायची जुनी चाल पुन्हा जोरात सुरू झाली. फक्त वही हरवली तर दुसरी मिळत नाही. सर्टिफाय केलेलं जर्नल नाही तर प्रॅक्टिकल नाही, आणि प्रॅक्टिकल नाही तर वर्ष गेलं.

आणि पट्टी. तिचं नाव 'निवांत', करंगळीएवढी, कानामागं चिकटणारी. अकरावीत केतकीनं परीक्षेचा फॉर्म भरायची तारीख चुकवली होती, घटक चाचणीला भूगोलाची वही घेऊन भौतिकशास्त्राला बसली होती आणि एका रविवारी शुकशुकाट असलेल्या क्लासबाहेर तासभर उभी राहिली होती. तिच्या आईनं, नलिनीनं, बारावी लागायच्या आधी पट्टी आणली. दसऱ्याला शिलाई मशीन आणि कात्रीबरोबर तिलाही हळदकुंकू वाहिलं.

माणूस एखादी गोष्ट करायची ठरवतो तेव्हा मेंदूच्या पुढच्या भागात काही हजार पेशींचा एक ठेका तयार होतो. काम होईपर्यंत तो दर थोड्या वेळानं आपोआप वाजत राहतो. त्यालाच आपण टोचणी म्हणतो. काम झालं की ठेका थांबतो. नलिनीला गिऱ्हाइकाची मापं ब्लाउज हातात देईपर्यंत तोंडपाठ असायची आणि दिला की दुसऱ्या मिनिटाला साफ विसरायची, ती याच कारणानं. अडचण अशी, की बारावीच्या पोराच्या डोक्यात असे दोनशे ठेके एकदम वाजत असतात आणि त्या गलक्यात अभ्यासाला जागाच उरत नाही. हरेक ठेका वेगळा ओळखता येतो आणि सौम्य स्पंदांनी तो न पुसता दाबून ठेवता येतो, हे कळल्यावर पट्टी बाजारात यायला वेळ लागला नाही. ती ठेका टिपते, त्याचा जोर शंभरात मोजते, त्याला दिवस आणि वेळ देते आणि ती वेळ येईपर्यंत त्याला गप्प करते. ज्याचा जोर तीसच्याही खाली, तो एका कप्प्यात जातो. कप्प्याचं नाव 'परीक्षेनंतर'.

केतकीचं आयुष्य सुतासारखं सरळ झालं. शिलाई मशीनच्या आवाजात तिचं लक्ष चांगलं लागतं, हेही पट्टीनंच शोधून काढलं, म्हणून ती सकाळी दुकानात अभ्यास करायची. आठ महिन्यांत एकही तारीख चुकली नव्हती. डोकं कसं झाडून घेतलेल्या अंगणासारखं स्वच्छ. त्या अंगणात जास्मिनचं जर्नल नव्हतं.

घर कृष्णेच्या पुलापलीकडे होतं आणि पूल दुरुस्तीसाठी एकेरी केलेला. रिक्षानं पोचायला पंचवीस मिनिटं लागली. केतकीनं कपाटं उपसली, गाद्या उचलल्या, माळ्यावरचे हंडेसुद्धा हलवले. अभ्यासाच्या टेबलावर एक जर्नल दिसलं तेव्हा तिनं झडप घातली, पण त्याच्यावर तिचंच नाव होतं. तिनं ते उचललं, त्याच्याखाली पाहिलं आणि परत होतं तिथं ठेवलं. त्याची वेळ झाली की पट्टी सांगणार होती. आठ महिन्यांत तिचा हात तेवढं शिकला होता, की सांगितल्याशिवाय काही उचलायचं नाही.

एक वाजता ती कॉलेजात गेली. जास्मिन प्रयोगशाळेबाहेरच्या बाकावर डबा न उघडता बसली होती. केतकी आधी आत कुंभोजकर मॅडमकडे गेली. मॅडमनी तिचं सगळं ऐकून घेतलं. जास्मिनसारखी मुलगी त्यांनी वीस वर्षांत पाहिली नव्हती, हेही त्या म्हणाल्या. पण पडताळणीचं यंत्र मंडळाचं होतं. वहीचं एकेक पान काचेवर ठेवल्याशिवाय ते मोहोर उठवत नव्हतं, आणि मॅडमचा शब्द त्याला कळत नव्हता. पाच वाजता दार लावणार, आत असतील तेवढ्यांची घेणार, याच्यापलीकडे त्यांच्या हातात काही नव्हतं.

बाहेर आल्यावर केतकी जास्मिनशेजारी बसली. दोघी पाचवीपासून एका बाकावर बसत आल्या होत्या आणि निकालातही एकीखाली एक असायच्या. जास्मिन वर, केतकी खाली. जास्मिननं पट्टी लावली नव्हती. ती हाताच्या पंजावर पेनानं कामं लिहायची आणि झाली की थुंकीनं पुसायची. जानेवारीतल्या प्रिलिमलाही ती नऊ मार्कांनी पुढे होती.

"घरी काय सांगू?" जास्मिननं विचारलं. "अब्बा सगळ्यांना सांगत सुटलेत, पोरगी डॉक्टर होणार म्हणून."

केतकीनं पट्टीच्या मदतकेंद्राला फोन लावला. तिथला माणूस अदबीनं बोलत होता. त्यानं समजावलं, की पट्टीकडे फक्त 'काय करायचं' याची नोंद असते. वस्तू कुठं ठेवली हे केतकीच्याच मेंदूत आहे, त्याच ठेक्याला बांधलेलं. ठेका दाबला की तेही दबतं. वेळेआधी तो जागा करता येतो, पण जेवढ्या जोराचा नोंदला तेवढ्याच जोरानं.

तिनं नोंद उघडली. जास्मिनचं जर्नल परत करणे. पाच तारखा आणि प्रत्येकीपुढे एक आकडा. अठ्ठावीस. चोवीस. एकोणीस. पंधरा. शेवटचा, प्रिलिमच्या निकालाच्या आदल्या आठवड्यातला, नऊ.

पट्टीनं यातला एकही आकडा ठरवला नव्हता, तिनं केतकीच्या मनातला जोर नुसता मोजला होता. जास्मिनला दिसू नये म्हणून केतकीनं पडदा आपल्याकडे तिरका धरला.

नऊच्या जोरानं जाग्या केलेल्या ठेक्यातून तिला फक्त खाकी कागदाचा वास आला आणि गेला. तिनं परत केलं, तिसऱ्यांदा केलं. वास तेवढाच. मदतकेंद्राचा माणूस म्हणाला, सगळंच मोकळं करायचं तर पट्टी काढावी लागेल, पण ती पंधरा दिवसांत हळूहळू काढायची असते. एकदम काढली तर आठ महिन्यांचं दाबलेलं सगळं एकाच वेळी उसळतं, काही दिवस कशातच लक्ष लागत नाही. परीक्षा कधी आहे, त्यानं विचारलं. केतकीची पहिली प्रॅक्टिकल उद्याच होती. मग असा विचारही करू नका ताई, तो म्हणाला.

ती दुकानात परतली तेव्हा पावणेचार झाले होते. नलिनी लग्नाच्या घाईतला ब्लाउज शिवत होती, डावा डोळा बारीक करून, कारण चष्म्याच्या त्या काचेवर चरे पडले होते. केतकीनं तिला सगळं सांगितलं, आकड्यांचं सोडून.

"एकदम काढलीस तर उद्या काय करशील?" नलिनी म्हणाली. "वर्षभर जीव काढलायस. मीबी काढलाय."

"तिचं वर्ष जाईल, आई."

"आणि तुझं?"

केतकीला रडू येत होतं, पण रडण्यानं काही हातात येणार नव्हतं. नलिनीनं पायडलवरचा पाय काढला. मशीन थांबलं आणि दुकानात इतकी शांतता झाली, की रस्त्यावरचा भंगारवाला गल्लीच्या टोकाला ओरडत होता तेही ऐकू यायला लागलं. मग नलिनी उठली, बोटाला खोबरेल तेल लावलं आणि लेकीच्या कानामागची पट्टी, जशी बारावीच्या सुरुवातीला स्वतःच्या हातानं चिकटवली होती तशीच, स्वतःच्या हातानं सोडवली.

पहिली काही मिनिटं काहीच झालं नाही. केतकी स्टुलावर बसून राहिली. मग ग्रंथालयाचं पुस्तक आलं, ऑगस्टपासून परत न केलेलं. त्याच्यामागं मामाचा वाढदिवस, दुखरी दाढ, सायकलचं पंक्चर, शेजारच्या काकूंचा डबा, बसमध्ये भेटलेल्या जुन्या बाईंना दिलेला शब्द. आईचा चष्मा. गणपतीत केतकी म्हणाली होती, मी काच बदलून आणते. तो तिच्या छातीत रुतला आणि तिथंच राहिला, कारण त्याच्यामागून आणखी पन्नास गोष्टी ढकलाढकल करत येत होत्या. प्रत्येक गोष्ट आत्ता म्हणत होती, आधी मी म्हणत होती. केतकीनं दोन्ही हातांनी डोकं धरलं. जास्मिनचं कुठं, जास्मिनचं कुठं, असं ती मोठ्यानं म्हणत होती आणि ते तिला कळत नव्हतं.

आणि मग ते आलं. खाकी कागदाची पिशवी. दुकानातली सगळ्यात वरची फळी, जिथं गिऱ्हाइकांनी शिवायला टाकून कधीच न नेलेले कपडे असतात. कुणी गाव सोडून गेलेलं, कुणी जाड झालेलं, कुणाचं लग्न मोडलेलं. नलिनी ती फळी वर्षातून एकदा झाडायची. केतकी स्टूल लावून तिथं चढली होती. नुसती जागाच नाही, तिला तो दिवसही आठवला. प्रिलिमचा निकाल लागला होता आणि संध्याकाळी जास्मिन ड्रेसचं माप द्यायला येणार होती. जर्नल टेबलावर होतं. समोर दिसलं असतं तर ते द्यावं लागलं असतं.

ती स्टुलावर चढली. पिशवी जिथं आठवली तिथंच होती, दोन ब्लाउजांच्या मध्ये.

उतरताना दुसरी एक गोष्ट उसळून वर आली आणि ही नव्वदीच्या जोराची होती. तिचं स्वतःचं जर्नल. पट्टीनं त्याला आज चारची वेळ दिली होती. सकाळच्या ताज्या डोक्याचा वेळ सहीच्या रांगेत घालवू नये म्हणून शेवटची वेळ. ते घरी टेबलावर होतं. तिनं ते आज सकाळी हातात घेऊन परत ठेवलं होतं. घड्याळात सव्वाचार वाजून गेले होते.

नलिनीनं अर्धं वाक्य ऐकलं आणि स्कूटरची किल्ली घेतली. पूल ओलांडून जायचं आणि यायचं. तिनं हिशेब केला नाही, चष्मा नाकावर दाबला आणि निघाली. केतकी जास्मिनचं जर्नल छातीशी धरून कॉलेजच्या दिशेनं धावत सुटली. रस्त्यात प्रत्येक दुकान तिला काहीतरी राहिलेलं सांगत होतं.

ती पोचली तेव्हा पाचला आठ मिनिटं होती. जास्मिननं जर्नल हातात घेतलं, उघडलं, पहिल्या पानावरचं आपलं नाव बघितलं आणि आत गेली. तिच्या पुढे दोन मुलं होती. केतकीही आत शिरली. पाच वाजता कुंभोजकर मॅडमनी दार लावून कडी घातली.

जास्मिनची पाळी आली. ती एकेक पान काचेवर ठेवायची, यंत्र हिरवं व्हायचं, मग पुढचं पान.

"तुझं?" तिनं मान न वळवता विचारलं.

"आई आणतेय. घरून."

जास्मिनला लगेच उमगलं. तिचा हात आपोआप मंदावला. काचेवर वही आहे तोवर मॅडम यंत्र बंद करणार नव्हत्या, आणि जास्मिन शेवटची होती. तिनं सातवा प्रयोग सावकाश उलटला, आठवा त्याहून सावकाश.

"कुठं सापडलं?" तिनं हळूच विचारलं.

कपड्यांत चुकून गेलं होतं, एवढं म्हटलं असतं तर पुरलं असतं. दुकान शिंप्याचं, कुणालाही पटलं असतं. जास्मिन सावकाश पानं उलटत राहिली असती. केतकीच्या डोक्यात दोनशे गोष्टी दार बडवत होत्या आणि त्या सगळ्यांच्या वर एक होती, तिचा जोर मोजायला आता पट्टी नव्हती.

"वरच्या फळीवर," ती म्हणाली. "मीच ठेवलं होतं. तू आलीस की तुला दिसू नये म्हणून."

जास्मिनचा हात पानावर थांबला.

"आणि तू सहा वेळा मागितलंस, हेच बरोबर. सकाळी मी पाच म्हणाले, ते चुकीचं होतं. सहाव्या वेळी मी नुसतंच 'उद्या आणते' म्हणाले. द्यायचं मनातच नव्हतं, म्हणून पट्टीत काही उमटलं नाही."

जास्मिननं पान उलटलं. मग पुढचं, मग त्याच्या पुढचं, भराभर. बारावा, तेरावा, चौदावा. यंत्र हिरवं होत होतं. केतकी बाजूला उभी होती आणि तिनं काही मागितलं नाही. सोळा, सतरा, अठरा. भिंतीवर पाच वाजून सहा मिनिटं झाली होती. एकविसाव्या प्रयोगाला जास्मिन थांबली.

"काकू स्कूटरवर आहेत?"

"हो."

"त्याच चष्म्यानं?"

"हो."

जास्मिननं वही उचलली आणि मागची पानं चाळली. "मॅडम, पंधराव्या प्रयोगाचं पान तिरकं गेलंय वाटतं. परत ठेवते."

पान तिरकं गेलं नव्हतं. यंत्र त्यावर दुसऱ्यांदाही हिरवं झालं. कुंभोजकर मॅडमनी आपला चष्मा काढला आणि पदरानं पुसायला घेतला. त्या बराच वेळ पुसत राहिल्या.

"हे तुझ्यासाठी नाही," जास्मिन काचेकडे बघत म्हणाली, आणि सोळावा प्रयोगही पुन्हा ठेवला.

पाच वाजून अकरा मिनिटांनी मैदानाच्या बाजूच्या खिडकीच्या गजांतून एक हात आत आला. दुकानाची पिशवी, तिच्यात जर्नल. मागं नलिनीचा घामानं थबथबलेला चेहरा. एका कोपरावर खरचटून रक्त आलं होतं. मॅडमनी पिशवी घेतली आणि केतकीच्या हातात दिली.

जास्मिननं उरलेली पानं नेहमीच्या वेगानं पुरी केली. मोहोर उठली. तिनं वही दप्तरात घातली, चेन ओढली, खिडकीपाशी जाऊन नलिनीचा कोपर बघितला आणि "काकू, धुऊन घ्या आधी," म्हणाली. मग कडी काढून ती बाहेर गेली. केतकीकडे तिनं पाहिलं नाही. जिन्यावर तिच्या चपलांचा आवाज आला आणि संपला.

केतकीनं आपली वही काचेवर ठेवली. उद्या याच खोलीत क्षार ओळखायचा होता आणि या घडीला तिला एकाही क्षाराचं नाव आठवत नव्हतं. नलिनीनं गजांतून पुन्हा हात आत घातला. तळहातावर पट्टी होती, तिचा बारीक दिवा लागलेला.

"लाव आता," ती म्हणाली. "झालं ना सगळं? उद्या परीक्षा हाय."

"नको," केतकी म्हणाली. "लावली की हेही गप्प होईल."

"हे म्हंजे काय?"

केतकीनं उघड्या दाराकडे बघितलं आणि पहिलं पान उलटलं.